कुत्र्यानं आखलेलं गाव

पहाटेचे पावणेपाच. मे महिना आहे, म्हणजे चंद्रपुरात पायी फिरायचं तर हीच वेळ. आठ वाजले की दगड तापायला लागतात, आणि दुपारी पारा 46-47 ला टेकला तरी इथे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. तुम्ही जटपुरा दरवाज्याच्या कमानीखाली उभे आहात. हातात सुताची दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला भुऱ्या.

भुऱ्याची जात कुणी विचारत नाही. मातकट अंग, एक कान ताठ, दुसरा मोडलेला, शेपटी विळ्यासारखी वळलेली. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही गावात, कुठल्याही ओट्याखाली असा एक निजलेला सापडतो. वर, दरवाज्याच्या माथ्याशी, हत्तीला पायाखाली घेतलेला सिंह कोरलाय. गोंड राजांचं ते चिन्ह. त्याच्याखालून दिवसभर ऑटो, स्कूटर आणि शाळेच्या व्हॅन एकमेकींना घासत जातात. आत्ता फक्त एक सायकलवाला दूधवाला आणि टपरीचं झाकण उचलणारे काका.

“तटावर चालले का जी?” काका विचारतात. तुम्ही मान हलवता. “जा. पन नदीकडच्या झुडपात सोडू नका त्याले. बिबट फिरून रायला. माणसाले काही करत नाही, पन कुत्रं...” उरलेलं वाक्य ते गाळणीतल्या चोथ्याबरोबर झटकून टाकतात.

खोटं नाही त्यात. या दोन जिल्ह्यांत कुत्रा हा अंगणाचा राखणदार, आणि बिबट्याच्या लेखी अंगणात बांधून ठेवलेला घास. ताडोबात त्याला नेता येत नाही, आणि बाहेरच्या रानवाटांवर नेणं हा शहाणपणा नाही. म्हणून इथे ज्याला कुत्र्यासोबत लांब चालायचंय त्यानं जंगल सोडावं आणि गावाभोवतीचा हा परकोट धरावा. ब्रिटिशांच्या गॅझेटियरात त्याचा घेर साडेपाच मैल दिलाय. आज गावात विचाराल तर अकरा किलोमीटर सांगतात. कुणी काय मोजलं त्यावर ते आहे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे, आणि मधे मधे खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, मसण, चोर. शेवटच्या दोन खिडक्यांतून कोण बाहेर जायचं ते वेगळं सांगायला नको.

तुम्हाला वाटतंय, तुम्ही भुऱ्याला फिरवायला आणलंय. दहा पावलांतच कळतं, तसं नाही. तो प्रत्येक दगडाशी थांबतो, नाक टेकवतो, फुरफुरतो, पुढे जातो, परत येतो. माणूस समोर आहे तेवढंच बघतो. कुत्रा काल रात्री इथून कोण गेलं, ते घाबरलेलं होतं की भुकेलं, परवा पाऊस शिंपडला तेव्हा काय धुऊन गेलं, हे सगळं एका दमात हुंगतो. त्याच्या लेखी काल अजून संपलेला नसतो. आज भुऱ्या जरा जास्तच वेळ थांबतोय. एका चिऱ्याच्या सांध्यात नाक खुपसून तो असा उभा राहतो की दोरी ताणली जाते, आणि तुम्ही ओढल्यावर तो हलण्याऐवजी तुम्हीच हलता.

घाणेरीचा उग्र वास. ताज्या कापलेल्या पाल्याचा. तटाचा जो भाग आत्ता मोकळा दिसत होता तो झुडपांनी झाकलेला आहे, आणि त्या झुडपांत पंचवीस-तीस माणसं. कोयते, पावडी, घमेली. कुणी बुरुजाच्या पोटात उगवलेलं पिंपळाचं मूळ कापतंय, कुणी पिढ्यान्‌पिढ्यांचा उकिरडा उपसतंय. घमेली हातोहात पुढे सरकतात. हे 2017 आहे. इको-प्रो संस्थेची पोरं, बंडू धोतरे त्यांच्यासोबत, मार्चपासून रोज पहाटे इथे येतायत. दोनशे दिवस झाल्यावर त्याची गोष्ट ‘मन की बात’मध्ये देशाला ऐकवली जाईल. पण ते ऑक्टोबरात. आत्ता उन्हाळा आहे आणि कॅमेरा कुणाकडेच नाही. एक मुलगा घाम पुसत भुऱ्याकडे बघतो, शिट्टी घालतो आणि बिस्किटाचा अर्धा तुकडा फेकतो. तो तुकडा भुऱ्या खातो, म्हणजे खातोच. 2017 चं बिस्कीट.

तटावरून सलग चालता येत नाही हे आधी सांगायला हवं होतं. रस्ते तट कापून गेलेत, कुठे घराची मागची भिंतच तट आहे, तिथे दोरीवर लुगडी वाळत असतात. अशा जागी खाली उतरायचं, गल्लीतून जायचं, पुन्हा चढायचं. असंच एकदा उतरता आणि भुऱ्या तुम्हाला आत, गावाच्या मध्याकडे ओढत नेतो. गोंड राजांचा कोट होता तिथे आता जिल्हा कारागृह आहे. उंच भिंतीच्या अलीकडे तो थांबतो. हुंगत नाही. नुसता बसतो.

21 ऑक्टोबर 1858. पिंपळाखाली माणसं जमली आहेत, पण बाजारात जमतात तशी नाही; प्रत्येकजण दुसऱ्यापासून हातभर लांब. मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके पंचवीस वर्षांचा आहे. वसंतात त्यानं इंग्रजांविरुद्ध जमवलेल्या लोकांनी राजगड घेतलं, नांदगाव-घोसरीच्या बाजूला इंग्रजांच्या फौजेशी झुंज दिली, प्राणहितेच्या काठी तार खात्याच्या छावणीवर हल्ला केला. जंगलात तो कॅप्टन क्रिक्टनच्या हाती लागला नाही. आपल्याच माणसांच्या घरात लागला. पुढचं, फाशीचं, तुम्ही बघत नाही. भुऱ्या उठतो आणि तुम्हाला तिथून बाहेर काढतो, त्याबद्दल तुम्ही त्याचे आभार मानता.

पुन्हा तट. डावीकडे रामाळा तलाव, काठाशी इकॉर्नियाचा हिरवा थर. दूर आकाशात औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर आडवा पसरलाय. 2920 मेगावॅटचं केंद्र, आणि त्याच्या आवारातल्या झुडपांतही वाघ येऊन राहतो. हे फक्त चंद्रपुरातच ऐकायला मिळतं आणि सांगणारा आवाजही चढवत नाही. तुम्ही चिमण्या मोजायला जाता, तर त्या नाहीत. तलावात इकॉर्नियाही नाही. स्वच्छ पाणी, आणि याच पाण्याला नळांनी गावात नेणारी गोंडांच्या काळची व्यवस्था.

आधी भुऱ्याला ऐकू येतं. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधी तो जसा पलंगाखाली शिरतो तसा तो तुमच्या दोन पायांमधे शिरतो. मग तुम्हाला ऐकू येतं. तोफ. तट पायाखाली थरथरतो, चिऱ्यांच्या सांध्यांतून चुन्याची भुकटी उडते. 1818 चा मे. गेल्याच महिन्यात शिवणीजवळ दुसऱ्या बाजीरावाचा पराभव करून इंग्रजांचा कर्नल अॅडम्स इकडे वळलाय. आत नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंग. उन्हाचं तर विचारू नका. वेढा घालणाऱ्यांच्या तोफखान्यातला एक मेजर गोळीनं नाही, उन्हानं आणि दमणुकीनं मरणार आहे. तटावरचा एक शिपाई तुमच्याकडे बघून ओरडतो, “कुत्रं घेऊन इथं काय करताय? खाली व्हा!” उत्तर द्यायला तोंड उघडावं तर तोंडात धूळ. 20 मे रोजी भगदाडातून फौज आत शिरेल आणि गंगासिंग पडेल. दगडी तट दोन-अडीच शतकांपूर्वीच्या हत्यारांसाठी बांधलेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

त्याआधीची साठ-सत्तर वर्षं भुऱ्या चार उड्यांत ओलांडतो. 1751 मध्ये रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं आणि गोंडांचं राज्य संपलं, एवढं एका वाक्यात पुरे. राज्य जाण्याच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात. राज्य टिकवण्याची गोष्ट अंचलेश्वर दरवाज्यापाशी आहे, आणि तिथे थांबायला हवं.

देवळाच्या आवारात एका समाधीचं काम चाललंय. दगडाला छिन्नी लागल्याचा टक टक आवाज, ओल्या चुन्याचा वास, घुमट अजून अर्धा. 1704 नंतरची ही वर्षं. राजा बीरशाह मारला गेला, आपल्याच पदरच्या माणसाकडून, असं सांगतात. गादीला मुलगा नाही. राणी हिराईनं चंदनखेड्याच्या घराण्यातला लहानगा रामशाह दत्तक घेतला आणि कारभार स्वतः हाती घेतला. समाधी नवऱ्याची, बांधवून घेणारी ती. हल्ली या वास्तूला ताजमहालाची उपमा द्यायची हौस आहे. मला ती पटत नाही. शाहजहानकडे आग्रा-दिल्लीचा खजिना होता. हिराईकडे दबा धरून बसलेले शेजारी आणि मांडीवर दुसऱ्याचं पोर. जवळच महाकालीचं देऊळ तिनंच बांधलं. चैत्रात नांदेड-परभणीकडून माणसांचे लोंढे येतात, झरपट नदीत आंघोळ करतात आणि दर्शनाला रांगेत लागतात. त्या रांगेत हिराईचं नाव घेणारे किती, ते मोजायला गेलो नाही.

भुऱ्या छिन्नीच्या तालाला कंटाळून जांभई देतो. एक गवंडी त्याच्याकडे बघून हसतो आणि बाजूला सरकून सावली करून देतो. कुत्र्यांशी गवंड्यांचं वागणं कुठल्याही शतकात असंच असावं.

इथून पुढे एक गोष्ट तुमच्या लक्षात यायला लागते. तट उतरतोय. हिराईच्या वेळी तो पुरा होता. आता काही पावलांत तो छातीइतका होतो. बांबूच्या परांच्या, चढणीवरून चिरे ओढणारे रेडे, गारा तुडवणाऱ्या बाया. सोळावं शतक. अबुल फजलनं ‘ऐन-इ-अकबरी’त या मुलखाच्या बाबाजी राजाची नोंद केली: 1 हजार स्वार, 40 हजार पायदळ. त्या चाळीस हजारांतले किती दगड वाहत होते ते त्यानं लिहिलं नाही. परंपरा सांगते की परकोट धुंड्या रामशाहच्या काळात पुरा झाला, म्हणजे सुरुवात करणाऱ्याच्या पणतवंडांनाही म्हातारपणी बघायला मिळाला असेल तर असेल. त्याच धुंड्या रामशाहच्या वेळी रायप्पा कोमट्यानं गावाबाहेर प्रचंड मूर्ती घडवायला घेतल्या. दहा तोंडांची दुर्गा, पंचवीस फुटांच्या आसपास, आडवी. देऊळ बांधण्याआधी रायप्पा गेला आणि मूर्ती आजही लालपेठेत उघड्यावर आडव्याच आहेत. बांधकामं अशी असतात. एक पुरं होतं, एक होत नाही.

अजून दहा पावलं. तट गुडघ्याइतका. मग पायाचा चर. मग चरही नाही, जमिनीवर चुन्याची रेघ. मग रेघही नाही.

जंगल.

दोरी हातात आहे, भुऱ्या आहे. बाकी गाव नाही. मोहाची झाडं, तेंदू, पळस, वाळलेल्या गवताचा पिवळा पट्टा आणि खाली झरपट. झरपटेला आज जो वास येतो तो नाही. नदीला नुसता ओल्या मातीचा वास. पंधरावं शतक आहे, वर्ष विचारू नका, इतिहासकारांचंही त्यावर एकमत नाही.

काठावर थोडी माणसं, एक घोडा, आणि देवळाच्या पायथ्याचे पहिले थर. घोड्यावरचा माणूस पन्नाशीचा असेल. तुम्ही त्याच्या हातांकडे बघता, कारण तुम्हाला गोष्ट माहीत आहे. अंगभर खांडकं होती म्हणून लोक त्याला खांडक्या म्हणत. राजा खांडक्या बल्लाळशाह, राजधानी बल्लारपूर. एकदा शिकारीत तहान लागली, झरपटेच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसलं, तोंड-हात धुतले, आणि त्या रात्री त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. सकाळी अंग साफ. राणी हुशार. तिनं जागा दाखवायला लावली. खडकात गाईच्या पाच खुरांचे ठसे, त्यांत न आटणारं पाणी. तिथे अंचलेश्वराचं देऊळ सुरू झालं आणि राजा पाच कोसांवरून ते बघायला येऊ लागला. हातांवर आता एक वण नाही.

राजाच्या घोड्याशेजारी एक कुत्रा.

तुम्ही भुऱ्याकडे बघता आणि पुन्हा त्याच्याकडे. मातकट अंग, विळ्यासारखी शेपटी. कान मात्र दोन्ही ताठ.

करवंदीच्या जाळीतून ससा निघतो. कपाळावर पांढरा ठिपका, एवढा ठळक की गवतातही दिसतो. आता कुत्रा झेपावणार, असं सगळ्यांना वाटतं. ससाच झेपावतो. सरळ कुत्र्यावर. आणि कुत्रा पळतो.

क्षणभर कुणी बोलत नाही. मग एक पारधी हसू आवरत ओरडतो. तुम्हाला गोंडी येत नाही, पण गडचिरोलीच्या मित्राकडून शिकलेले दोन शब्द कानात अडकतात: नेय, मलोल. कुत्रा, ससा. राजा घोड्याला टाच मारतो. भुऱ्या दोरीला हिसका देतो आणि तुम्हीही धावायला लागता.

जो भाग तुम्ही आज सकाळी चालणार होतात तो तुम्ही आता धावताय, आणि तिथे काहीच नाही. पठाणपुऱ्याचा दरवाजा जिथे होणार आहे तिथे एक वारूळ आहे. पुढे झरपट इरईला मिळते; पावसाळ्यात इथे पाणी मागे फुगतं, आणि ज्या जागेवरून ससा कुत्र्याला आतल्या अंगाला वळवतो तिथूनच पुढे तट पुराला बाहेर ठेवणार आहे. ससा कधी मोठा वळसा घेतो, कधी नागमोडी. कुत्रा तसाच. तुम्ही धापा टाकत बघता की ही वळणं ओळखीची आहेत. बुरुजापासून बुरुजापर्यंत तट असाच का वाकडा जातो, सरळ का नाही, हा प्रश्न तुम्हाला वर चालताना पडला होता. इरईच्या काठानं वर, विठोबा खिडकीची जागा, बिनब्याची जागा. कुत्र्याची जीभ लोंबतेय. मग उत्तर, जिथे पुढे जटपुऱ्याची कमान उभी राहील आणि तिच्याखाली चहाची टपरी. मग तलाव नसलेलं खोलगट रान, आणि पुन्हा झरपट.

आणि तिथे कुत्रा थांबतो. वळतो.

ते पटकन होत नाही. ससा चावतो, ओरबाडतो, मागे हटत नाही. धुळीचा एक गोळा गवतात इकडून तिकडे लोळतो. शेवटी गोळा स्थिर होतो आणि त्यातून कुत्रा उठतो, एक कान फाटून लोंबतोय.

राजा खाली उतरतो, सशाचं डोकं उचलतो, कपाळावरचा ठिपका बघतो. चंद्र. संध्याकाळी तो हे सगळं राणीला सांगेल आणि राणी म्हणेल की हा शकुन आहे. ससा धावला त्या रेघेवर तट घाला, आत गाव वसवा, आणि जिथे झुंज झाली तिथले बुरुज जास्त भक्कम करा, कारण या गावाला धोका झाला तर तिथूनच होईल. मेजर ल्युसी स्मिथनं 1869 च्या जमाबंदीच्या अहवालात ही कथा नोंदवली, आणि तेव्हापासून ती छापून येते. गावाचं नाव चांदा. 1964 पासून चंद्रपूर.

जाणकार म्हणतील, ही कथा आयती आहे. बरोबरच आहे. विजयनगरच्या स्थापनेची गोष्ट हीच, तुंगभद्रेच्या काठी शिकारी कुत्र्यांवर उलटलेला ससा. अहमदाबादची हीच, साबरमतीच्या काठी अहमदशाहच्या कुत्र्यावर धावून गेलेला ससा. दोन्हीकडे मातीचा गुण सांगायचा असतो: इथला ससाही शूर, मग माणूस किती असेल! तिथे गोष्ट सशाच्या धावण्यावर थांबते. कुत्रा भ्याला, संपलं. चांद्याच्या गोष्टीत कुत्रा गावाभोवतीचा अख्खा फेरा भिऊन पळतो आणि मग उलटतो. एवढा एक तपशील ज्यानं कुणी घातला त्यानं कुत्री पाळली असणार. आणि तरी सशाला कपाळावरच्या चंद्रापायी गावाचं नाव मिळालं, राजाला खांडकांपायी स्वतःचं, राणीला शहाणपण. ज्याच्या पायांनी हद्द आखली गेली त्याचं नाव कुणी विचारलं नाही, रंगसुद्धा नाही.

फाटक्या कानाचा कुत्रा तुमच्याजवळ येतो. भुऱ्याच्या मोडक्या कानाला नाक लावतो. दोघं एकमेकांभोवती एक फेरी घालतात, रीतसर, जशी कुत्री घालतात. मग तो घोड्याच्या मागे लंगडत निघून जातो.

तुम्ही दोरी घट्ट धरता. रेघ येते. चर येतो. गुडघ्याइतका तट, छातीइतका, पुरा. कुणीतरी हॉर्न वाजवतं.

साडेसात. जटपुऱ्याखाली गर्दी सुरू झाली आहे; एक ऑटो आडवा, मागे शाळेची व्हॅन, पोलीसदादा शिट्टी फुंकतोय. टपरीवर काका तुम्हाला बघून हसतात.

“झाला का पुरा फेरा?”

“झाला.”

“मग? ससा दिसला का नाही?” ते स्वतःच्याच विनोदावर खूश आहेत. कप पुढे करत गोष्ट सांगायला लागतात, तुम्हाला माहीत नसेल असं धरून. राजाची खांडकं, झरपट, राणी. “सशानं पळवलन ना जी त्या कुत्र्याले, साऱ्या गावाभोवती. मग राजानं तिथंच तट घातलन. झालं गाव.”

“आणि कुत्रा?”

काका गाळणी हातात तशीच धरून तुमच्याकडे बघतात.

“कुत्र्याचं काय?”

कमानीच्या सावलीत दगड अजून थंड आहे. भुऱ्या तिथे आडवा झालाय, माणसांच्या पायांत, हॉर्नच्या आवाजात, गाढ. त्याचे चारही पाय हलतायत. आधी भराभर, मग मधेच थांबून उलट बाजूला.